फोटो पुसट, दोष कुणाचा?

हळदीच्या कार्यक्रमात नवरीचा जवळून फोटो काढला जातो. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तो झकास दिसतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा केला की खरा प्रकार कळतो. कानातल्या झुब्यांचा मणी न् मणी मोजता येतो, डोळ्यांच्या पापण्या मात्र पुसट. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "लेन्समध्येच काहीतरी गडबड आहे."

गडबड लेन्समध्ये असूही शकते. पण पुसट फोटोला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या रांगेत लेन्सचा नंबर बराच मागे लागतो. तिच्या आधी फोटो काढणाऱ्याचा हात असतो, समोरच्या माणसाची हालचाल असते, कॅमेऱ्याची सेटिंग असते, मधली हवासुद्धा असते. या सगळ्यांची चौकशी न करता लेन्सला दोषी ठरवलं की दोन प्रकारचं नुकसान होतं. एक तर चांगली लेन्स कवडीमोल भावात विकली जाते. दुसरं म्हणजे मेनूतले आकडे फिरवून नसलेला दोष 'दुरुस्त' केला जातो आणि त्यातून खरा दोष तयार होतो. म्हणून दुरुस्तीआधी निदान हवं, आणि निदानाचा एक क्रम आहे.

कॅमेरा फोकस करतो कसा

फोकस करणं म्हणजे लेन्समधली भिंगं पुढेमागे सरकवून ठरावीक अंतरावरच्या वस्तूची प्रतिमा नेमकी सेन्सरवर पाडणं. हे काम माणसाच्या डोळ्याकडून आणि बोटांकडून यंत्राकडे गेलं, त्याला जेमतेम अर्धशतक होतंय. १९७७ साली आलेला 'कोनिका सी३५ एएफ' हा मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यांत ऑटोफोकस खऱ्या अर्थाने रुजवला तो १९८५च्या 'मिनोल्टा ७०००'ने. ऑटोफोकसच्या पेटंटवरून अमेरिकेच्या हनीवेल कंपनीने पुढे मिनोल्टाला कोर्टात खेचलं. १९९२ साली मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून ते प्रकरण मिटवलं.

मिनोल्टाने रुळवलेलीच पद्धत पुढे डीएसएलआर कॅमेऱ्यांत आली. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपासून हौशी पक्षीनिरीक्षकांपर्यंत अनेकांच्या हातात आजही डीएसएलआर आहे, आणि सेकंडहँड बाजारातही त्याच जास्त दिसतात. तिच्या पोटात काय घडतं ते पाहू. लेन्समधून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडतो आणि वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार झालेला थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आदळून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पडतो. हा सेन्सर लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातलं अंतर मोजतो. त्यावरून फोकस कोणत्या बाजूला आणि किती चुकलाय, हे एका मापातच कळतं. या पद्धतीला फेज डिटेक्शन म्हणतात. तिचा वेग यातूनच येतो.

गोम इथेच आहे. फोकस एका सेन्सरवर मोजला जातो आणि फोटो दुसऱ्याच सेन्सरवर निघतो. बटण दाबलं की दोन्ही आरसे वर उचलले जातात आणि प्रकाश सरळ मागच्या मुख्य सेन्सरवर जातो. म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून प्रकाशाच्या दोन वाटा आहेत, आणि त्या तंतोतंत सारख्या लांबीच्या असाव्या लागतात. कड्यापासून मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४ मिलिमीटर आहे, निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर. एफ/१.८ अ‍ॅपर्चरला फुल फ्रेम कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेमागे जेमतेम ०.०५ मिलिमीटर इतकीच चूक खपून जाते. छोटा आरसा त्याच्या टेकूवर तेवढ्याने जरी वरखाली बसला, तरी फोकस सेन्सर अगदी प्रामाणिकपणे 'झाला फोकस' म्हणून बीप देतो आणि फोटोत शार्प भाग भलतीकडेच येतो. तो अपेक्षेपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ आला तर फ्रंट फोकस, पलीकडे गेला तर बॅक फोकस.

लेन्सचाही यात वाटा असतो. फोकस सेन्सर एफ/१.४च्या लेन्समधून येणारा सगळा प्रकाश वापरत नाही. त्याची नजर साधारण एफ/५.६च्या, फार तर एफ/२.८च्या झरोक्यातून असते. कडेच्या भागातून येणाऱ्या प्रकाशामुळे पडणारा फरक भरून काढणारी माहिती लेन्सच्या चिपमध्ये भरलेली असते, आणि तीही मर्यादित अचूकतेची. कारखान्यातून निघताना कॅमेरा त्याच्या मर्यादेत बसतो, लेन्स तिच्या मर्यादेत बसते. पण दोघांची चूक एकाच बाजूची निघाली तर बेरीज होते आणि फोटोत दिसते. विरुद्ध बाजूंची निघाली तर वजाबाकी होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर चुकणारी लेन्स मित्राच्या कॅमेऱ्यावर बिनचूक चालते, ती याच हिशेबामुळे. अशा वेळी दोघांपैकी कुणालाच 'बिघडलेला' म्हणता येत नाही.

आधी फोटो वाचा

निदानाची पहिली पायरी म्हणजे फसलेला फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के आकाराला उघडणं. फोटो कशामुळे पुसट झाला, हे बऱ्याचदा तो स्वतःच सांगतो.

चित्रातल्या सगळ्याच वस्तू, अगदी स्थिर भिंतसुद्धा, एकाच दिशेने फराटल्यासारख्या दिसत असतील तर कॅमेरा हलला आहे. दिव्यांचे किंवा डोळ्यांतल्या चमकेचे ठिपके पाहावेत. ते गोल न राहता छोट्या रेघा झाले असतील, तर शंकेला जागाच नाही. शटर स्पीड निदान 'एक भागिले फोकल लेंथ' इतका तरी असावा, हा जुना नियम अजून उपयोगी आहे. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर १/३०० सेकंदापेक्षा संथ जाऊ नये.

मागची भिंत शार्प आणि माणूस तेवढा फराटलेला असेल तर तो माणूस हलला आहे. इथे लेन्सचं स्टॅबिलायझेशन काही कामाचं नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, नाचणाऱ्या करवलीला थांबवत नाही.

फोकस चुकल्याची खूण वेगळी असते. फोटोत कुठेतरी, डोळ्यांच्या पुढे किंवा मागे, काहीतरी लख्ख शार्प असतं. सुरुवातीच्या उदाहरणातले झुबे ही अशीच खूण. गवतावर किंवा फरशीवर उभ्या माणसाचा फोटो असेल तर जमिनीकडे पाहावं. फोकसमधला पट्टा आडवा पसरलेला दिसतो आणि तो पायांच्या पुढे आहे की मागे, ते लगेच कळतं.

फोटोत कुठेच काही शार्प नाही, फराटेही नाहीत, सगळ्यावर दुधाळ झाक आहे, असं असेल तर संशय काचेवर घ्यावा. बोटांचे ठसे, बुरशी, स्वस्तातला फिल्टर किंवा साचलेलं बाष्प, यांपैकी काहीतरी निघतं. आणि दर फोटोत डावी किंवा उजवी अशी एकच बाजू पुसट येत असेल, तर भिंगांची मांडणी बिघडलेली असू शकते.

लेन्स निर्दोष असतानाही

फोकस चुकलाय हे पक्कं झालं तरी लेन्स लगेच दोषी ठरत नाही. कारण फोकसमधला पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, आपल्या अंदाजापेक्षा फार अरुंद असतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर हा पट्टा साधारण १७ सेंटिमीटरचा भरतो. त्याच अंतरावर, त्याच अ‍ॅपर्चरला ८५ मिलिमीटरची लेन्स लावली की तो सहा सेंटिमीटरवर येतो, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतरही त्यात मावत नाही. शिवाय हे आकडे छापील फोटोच्या जुन्या निकषांवर काढलेले आहेत. १०० टक्के मोठं करून पाहणाऱ्या डोळ्याला पट्टा त्याहून बारीक भासतो.

आता एक नेहमीची सवय पाहा. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यांवर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा वळवून चौकट साधायची. दोन मीटरवरच्या माणसावर ५० मिलिमीटरच्या लेन्सने फोकस करून कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर फोकसचं प्रतल डोळ्यांच्या मागे जवळपास सात सेंटिमीटर सरकतं. पट्ट्याचा पुढचा अर्धा भाग मुळात आठेक सेंटिमीटरचा. त्यातले सात या एका हालचालीत खर्च होतात. मग समोरचा माणूस किंवा तुम्ही श्वासागणिक एखाद-दोन सेंटिमीटर पुढेमागे झाला की डोळे पुसट आणि कान शार्प. हा हुबेहूब बॅक फोकस दिसतो, पण तो भूमितीचा परिणाम आहे. उपाय सोपा : कॅमेरा वळवू नका, डोळ्याजवळचा फोकस पॉइंट निवडा.

दुसरं कारण म्हणजे फोकस पॉइंटची निवड कॅमेऱ्यावर सोडणं. 'ऑटो'मध्ये कॅमेरा साधारणपणे जवळची, ठसठशीत कडांची वस्तू पकडतो. मुंडावळ्या आणि हार समोर असताना तो डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. तिसरं कारण, हलणाऱ्या माणसासाठी एकदाच फोकस धरून थांबणारा मोड वापरणं. सप्तपदीच्या वेळी, मिरवणुकीत, खेळांत सतत फोकस करत राहणारा मोड हवा. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉनमध्ये एएफ-सी. चौथं कारण, लेन्सच्या किमान अंतराच्या आत शिरणं. कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, निकॉनची ५० मिलिमीटर एफ/१.८जी ४५ सेंटिमीटरच्या आत.

व्ह्यूफाइंडरशेजारच्या छोट्या चाकाचाही घोळ होतो. ते डायऑप्टरचं चाक चष्म्याच्या नंबरासाठी असतं. ते फिरलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र धूसर दिसतं, पण ऑटोफोकसच्या फोटोवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. हाताने फोकस करणाऱ्याला मात्र ते फसवू शकतं. व्ह्यूफाइंडरमधले आकडे आणि रेघा स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवून घ्यावं.

आणि हवा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी टिपायला हिवाळ्यात मोठ्या लेन्स घेऊन गर्दी होते. सकाळी लख्ख येणारे फोटो ऊन चढल्यावर मऊ पडू लागतात. तापलेल्या जमिनीवरची आणि पाण्यावरची हवा थरथरत असते, आणि ५०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. लवकर पोचावं आणि जमेल तितकं जवळून टिपावं.

घरच्या घरी चाचणी

इतकं सगळं तपासूनही संशय उरला तर चाचणी घ्यावी. महागडा चार्ट विकत घ्यायची गरज नाही. पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्याच्या एका बाजूवर वर्तमानपत्रातला मोठ्या ठळक अक्षरांचा मथळा चिकटवा. खोक्याच्या शेजारी ३० सेंटिमीटरची पट्टी ४५ अंशांत तिरपी टेकवून ठेवा. तिच्यावरची १५ची खूण खोक्याच्या दर्शनी बाजूच्या बरोबर रेषेत आली पाहिजे. फोकस करायचा तो सपाट मथळ्यावर, पट्टी फक्त निकाल वाचण्यासाठी. तिरप्या पट्टीवरच फोकस धरला तर फोकस सेन्सर तिच्यावरची कोणती खूण पकडेल, सांगता येत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा त्याचं खरं क्षेत्र बऱ्याचदा मोठं असतं. म्हणून मथळाही चौकोनाच्या बाहेर चहूबाजूंनी पुरेसा पसरलेला हवा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, मथळ्याच्या उंचीला, खोक्याला समांतर ठेवा. अंतर फोकल लेंथच्या २५ ते ५० पट असावं. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी ते सव्वा ते अडीच मीटर होतं, २०० मिलिमीटरच्या लेन्ससाठी पाच ते दहा मीटर. या टप्प्यातही तुम्ही नेहमी ज्या अंतरावरून फोटो काढता ते निवडावं. उजेड दिवसाचा, खिडकीतला किंवा गॅलरीतला असावा. पिवळ्या बल्बखाली चाचणी घेऊ नये. वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश लेन्समधून किंचित वेगवेगळ्या अंतरावर एकवटतो, त्यामुळे उजेडाचा रंग बदलला की फेज डिटेक्शनचा निकालही थोडा सरकतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ कमी, फक्त मधला फोकस पॉइंट, एकदाच फोकस धरणारा मोड, स्टॅबिलायझेशन बंद आणि दोन सेकंदांचा टायमर.

आता फोटो काढायचे. पहिल्या फोटोआधी फोकस रिंग फिरवून अनंताच्या टोकाला न्या, मग बटण अर्धं दाबून कॅमेऱ्याला फोकस करू द्या. दुसऱ्या वेळी रिंग जवळच्या टोकाला नेऊन तेच करा. अशी दोन्ही बाजूंनी पाच-पाच चित्रं घ्या. त्यानंतर काहीही न हलवता लाइव्ह व्ह्यू सुरू करा, मथळा मोठा करून फोकस करा आणि दोन-तीन फोटो घ्या. लाइव्ह व्ह्यूत आरसे वर उचललेले असतात आणि फोकस मुख्य सेन्सरवरूनच ठरतो, त्यामुळे ही चित्रं आपली कसोटी ठरतात. काही जुन्या कॅनन कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूमध्येही आरसा खाली पाडून फोकस करणारा 'क्विक' मोड असतो, तो मात्र टाळावा.

निकाल चार प्रकारचे लागतात. व्ह्यूफाइंडरची आणि लाइव्ह व्ह्यूची चित्रं सारखीच शार्प असतील तर उपकरण ठीक आहे, वापरात कुठेतरी चुकतंय. लाइव्ह व्ह्यूचीही चित्रं मऊ असतील तर फिल्टर काढून पुन्हा पाहावं. तरीही फरक पडला नाही तर दोष काचेत आहे. व्ह्यूफाइंडरची चित्रं कधी पुढे, कधी मागे अशी विखुरलेली असतील तर फोकसच्या यंत्रणेत अस्थिरता आहे. आणि दहाच्या दहा चित्रं एकाच बाजूला, जवळपास सारख्याच अंतराने चुकलेली असतील तरच तो खरा फ्रंट किंवा बॅक फोकस.

या शेवटच्या दोन निकालांतला फरक हे सगळ्या निदानाचं मर्म आहे. तराजू दर वेळी एकाच बाजूला सारखाच झुकत असेल तर पासंग लावून काम भागतं. कधी इकडे, कधी तिकडे कलणाऱ्या तराजूला कितीही पासंग लावा, वजन खरं येत नाही. मेनूतला दुरुस्तीचा आकडा हा असाच पासंग आहे.

पट्टी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पट्टी तिरपी असल्यामुळे तिच्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे खोलीतला सात मिलिमीटर. दुसरं म्हणजे फोकसचा पट्टा एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो, हा सरसकट सांगितला जाणारा नियम इथे लावू नये. इतक्या जवळच्या अंतराला तो जवळजवळ निम्मा-निम्मा विभागलेला असतो. आधीच्या १७ सेंटिमीटरच्या उदाहरणात पुढे आठ आणि मागे नऊ.

चाचणीची एवढी चिकित्सा कशासाठी, याचं मोठं उदाहरण आकाशात आहे. हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात गेली आणि तिची चित्रं पुसट निघाली. तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाला अतिशय अचूक, पण चुकीचा आकार दिला गेला होता. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं, आणि त्यामुळे आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली. दुसऱ्या उपकरणांनी ही चूक दाखवलीही होती, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले. चाचणीचं साधनच कललेलं असेल, तर त्याच्या आधाराने केलेली दुरुस्ती नेमकी चुकीच्या जागी नेऊन ठेवते.

आकडा बसवताना

एकाच बाजूची, स्थिर चूक सिद्ध झाली की उपाय कॅमेऱ्यातच असतो. २००७ साली कॅननने ईओएस-१डी मार्क थ्रीमध्ये आणि निकॉनने डी३ व डी३००मध्ये ही सोय दिली. कॅननमध्ये तिला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतात, निकॉनमध्ये एएफ फाइन ट्यून. उणे २० ते अधिक २० असे आकडे असतात. अधिककडे गेलं की फोकस कॅमेऱ्यापासून दूर सरकतो, उणेकडे गेलं की जवळ येतो. म्हणजे फ्रंट फोकसला अधिक, बॅक फोकसला उणे. एक आकडा म्हणजे अमुक इतके मिलिमीटर असं गणित नाही. लेन्सगणिक तो फरक बदलतो.

सुरुवात शून्यापासून करावी. फ्रंट फोकस असेल तर अधिक ५, १०, १५ अशा टप्प्यांनी प्रत्येकी तीन-चार चित्रं घ्यावीत, कोणतं लाइव्ह व्ह्यूच्या चित्राच्या सर्वांत जवळ जातं ते पाहावं आणि मग त्या आकड्याच्या आसपास एक-दोन अंक इकडेतिकडे करून पक्कं करावं. दोन-तीन अंकांचा फरक डोळ्यांना दिसतच नसेल, तर त्यासाठी झुरू नये. शेवटची तपासणी खोक्यावर न करता घरातल्या कुणाला तरी खिडकीपाशी बसवून, डोळ्यांवर फोकस धरून करावी. आकडा ऐंशीच्या घरातल्या आजींच्या सुरकुत्यांवर खरा उतरला की काम झालं.

झूम लेन्सचं प्रकरण थोडं अवघड आहे. २४ मिलिमीटरला जुळणारा आकडा ७० मिलिमीटरला जुळेलच असं नाही. कॅननने २०१२च्या ५डी मार्क थ्रीपासून वाइड आणि टेली या दोन टोकांना वेगळे आकडे द्यायची सोय केली. एकच आकडा देता येत असेल तर ज्या टोकाचा वापर जास्त, त्याला प्राधान्य द्यावं. सिग्माने यूएसबी डॉक आणि टॅमरॉनने टॅप-इन कन्सोल आणून काही लेन्सना कॉम्प्युटरवरून, वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगवेगळी दुरुस्ती करण्याची सोय दिली. निकॉनच्या डी५ आणि डी५०० या २०१६च्या कॅमेऱ्यांनी तर लाइव्ह व्ह्यूशी तुलना करून आकडा आपोआप काढायला सुरुवात केली. तोही तीन-चारदा काढून पाहावा. दर वेळी वेगळा आला तर सरासरी घ्यावी, फारच वेगळा आला तर मांडणीत काहीतरी हलतंय असं समजावं.

कॅननच्या ७५०डी, २००डी किंवा निकॉनच्या डी३५००, डी५६०० यांसारख्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत ही सोयच नाही. तिथे महत्त्वाचे स्थिर फोटो लाइव्ह व्ह्यूत काढणं, अ‍ॅपर्चर एफ/२.८ किंवा एफ/४पर्यंत बंद करणं किंवा कॅमेरा आणि लेन्स एकत्र सर्व्हिस सेंटरला देणं, हे तीनच मार्ग उरतात.

आकड्याने न सुधारणारे दोष

लेन्स पडली किंवा तिला धक्का बसला की आतलं एखादं भिंग अक्षावरून सरकतं. मग चित्राची एक बाजू कायम मऊ येते. हे ओळखायला समोरच्या लांबच्या इमारतीचा फोटो पुरेसा आहे. लाइव्ह व्ह्यूत मध्यभागी फोकस करून, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून एक फोटो घ्या. मग कॅमेरा उलटा धरून दुसरा घ्या. मऊ बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली तर लेन्स दोषी. ती इमारतीच्या त्याच टोकाला राहिली तर तुम्ही इमारतीला समांतर उभे नव्हता. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर बऱ्याचदा तो लेन्सच्या रचनेचाच गुण असतो, बिघाड नव्हे.

काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करताना फोकसच मागे सरकतो. फोकस एफ/१.४ला होतो, फोटो एफ/२.८ला निघतो, आणि भिंगाच्या कडेचा प्रकाश मधेच गळाल्यामुळे शार्प प्रतल थोडं हलतं. झाइसची ५० मिलिमीटर एफ/१.५ सी सोनार या स्वभावासाठी छायाचित्रकारांत प्रसिद्ध आहे. अशा लेन्सला एका अ‍ॅपर्चरसाठी जुळवलं की दुसऱ्याला ती चुकते.

चित्रं विखुरलेली येत असतील तर आधी स्वस्तातले उपाय करावेत. लेन्सच्या आणि कॅमेऱ्याच्या कड्यावरचे धातूचे संपर्कबिंदू स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. आरशामागचा छोटा आरसा आणि तळातला फोकस सेन्सर यांना मात्र हात लावू नये. आरसा किंचित वाकला तरी दोन्ही वाटांचं गणित विस्कटतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशीचा त्रास वेगळाच. तिने फोकसचं प्रतल सरकत नाही, पण चित्रातला काळा-पांढरा फरक घटतो, आणि त्या फरकावरच जगणारा ऑटोफोकस मंद उजेडात पुढेमागे चाचपडत राहतो. लेन्स चामड्याच्या बंद पाकिटात ठेवू नयेत. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून किंवा ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात आणि मधूनमधून बाहेर काढून वापराव्यात. एसी हॉलमधून एकदम बाहेरच्या दमट हवेत येताना काचेवर बाष्प धरतं, तेव्हा कॅमेरा बॅगेतच राहू द्यावा आणि बाहेरच्या तापमानाला आला की मग काढावा.

मिररलेस आणि पुढे

आरसा गेला आणि त्याबरोबर दोन वाटांचा प्रश्नही गेला. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस त्याच सेन्सरवर मोजला जातो, ज्याच्यावर फोटो निघतो. त्यामुळे कायम एकाच बाजूला चुकणारा फ्रंट किंवा बॅक फोकस तिथे जवळजवळ संपला आहे. डीएसएलआरवर चुकणारी जुनी लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेसवर बसवली की बऱ्याचदा बिनचूक चालते, त्याचं कारण हेच. पण हललेला हात, हललेला माणूस, सरकलेलं भिंग, थरथरती हवा आणि डोळ्याऐवजी पापणी पकडणारा ऑटोफोकस, हे सगळे तिथेही आहेत. फोटो वाचून निदान करायची सवय नव्या कॅमेऱ्यालाही तेवढीच लागते.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र द्या, आणि सोबत चाचणीचे मूळ, न छाटलेले, न सुधारलेले फोटो द्या. नुसतं 'फोकस नीट येत नाही' एवढंच सांगितलं तर समोरच्याला अंदाजाने काम करावं लागतं.

सेकंडहँड डीएसएलआर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. बऱ्याच कॅमेऱ्यांत दुरुस्तीचा आकडा लेन्सच्या मॉडेलनुसार साठवलेला असतो. आधीच्या मालकाने त्याच्या ५० मिलिमीटर लेन्ससाठी अधिक १२ ठेवले असतील, तर तुमची त्याच मॉडेलची निर्दोष लेन्स लावताच तोच आकडा गुपचूप तिलाही लागू होतो. तेव्हा चाचणी, तक्रार, दुरुस्ती या सगळ्याच्या आधी मेनूतली ती यादी उघडा आणि जुने आकडे पुसून टाका.